१५ ग्रॅमची ट्यूब

मनूचा जन्म मे २०२२ चा. पहिले पाच महिने अंगावर साधी पुटकुळी नव्हती. दिवाळी झाली, बडोद्यात रात्रीचा गारवा सुरू झाला आणि तिच्या दोन्ही गालांवर लाल, खरबरीत चट्टे उठले. लाळेमुळे असेल असं समजून आम्ही नुसते पुसत राहिलो. डिसेंबरात चट्टे पोटऱ्यांवर आले, मग मनगटांवर. हे लिहिताना, फेब्रुवारी २०२५ मध्ये, ती पावणेतीन वर्षांची आहे. त्या हिवाळ्यात रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधताना मला मराठीत एखाद्या आईने लिहिलेलं काहीतरी हवं होतं, ते सापडलं नाही. म्हणून मनूच्या इसबाचं हे सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे.

आम्ही दांडिया बाजारात राहतो. घरात सासूबाई, नवरा, मी आणि मनू. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्यांनी आधी त्यांच्या पद्धतीने केलं: डाळीचं पीठ, साय, चिमूटभर हळद. त्यांची दोन्ही मुलं याच उटण्यावर वाढली. मनूच्या अंगाला ते पीठ लागलं की ती पाठीची कमान करून किंचाळायची. पुढे डॉक्टरांनी समजावलं की अशा मुलांच्या कातडीचा वरचा थर मुळातच कच्चा असतो. आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचं जे नको ते आत शिरतं. त्यावर पीठ चोळणं म्हणजे खरवडणंच. मोहरीच्या आणि ऑलिव्हच्या तेलानेही हा थर बिघडतो, खोबरेल चालतं. हे कळायला आम्हाला दहा महिने लागले. आईंनी मात्र ज्या दिवशी ऐकलं त्याच दिवशी उटण्याचा डबा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलो ते जानेवारी २०२३ मध्ये, उत्तरायणच्या आधीच्या आठवड्यात. बालरोगतज्ज्ञ, फी ५०० रुपये, दोन तास वाट पाहणं, तपासणी पाच मिनिटं. "एटोपिक डर्मटायटिस आहे, म्हणजे इसब. घरात कुणाला दमा, सर्दी-शिंका?" नवऱ्याला लहानपणी दमा होता, मला दर पावसाळ्यात शिंकांचा त्रास. त्यांनी मान डोलावली आणि लिहून दिलं: हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का, १५ ग्रॅमची ट्यूब, दिवसातून दोनदा, सात दिवस. शिवाय मॉइश्चरायझर, "भरपूर लावा".

भरपूर म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. त्याच संध्याकाळी नणंदेचा फोन आला. "अगं वहिनी, ते स्टिरॉइड आहे. कातडी पातळ होते त्याने. अगदी पुरतंच लाव." मी घाबरले. गव्हाच्या दाण्याएवढं मलम बोटावर घेऊन त्यातच दोन गाल, दोन पोटऱ्या, दोन मनगटं करायचे. चट्टा जरा फिका पडला की बंद. चार दिवसांनी चट्टा परत. ती १५ ग्रॅमची ट्यूब आम्हाला चार महिने पुरली, आणि आपण फार जपून वागतोय असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

रात्रींबद्दल लिहायलाच हवं. मनू माझ्या कुशीत झोपायची आणि साधारण साडेबारानंतर आवाज सुरू व्हायचा. कोरड्या पानावर नख ओढावं तसा खर्र खर्र आवाज. डोळे मिटलेले, पण हात चालू. मी हात धरला की पाय एकमेकांवर घासायची. सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके असायचे. हातात मोजे घातले तर ती दातांनी ओढून काढायची. शेवटी आईंनी त्यांच्या जुन्या सुती लुगड्याची झबली शिवली, बाह्या लांब आणि टोकाला बंद, आणि शिवण बाहेरच्या बाजूला. शिवण आत असली की तिथेच घासतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढे त्वचेच्या डॉक्टरांनी ते झबलं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "हे फार चांगलं केलंत." आईंचा चेहरा खुलला होता.

मार्चमध्ये आमच्याकडून मोठी चूक झाली. एका औषधाच्या दुकानात मी मनूला कडेवर घेऊन उभी होते. काउंटरवरच्या माणसाने गाल पाहिले. "बेन, आ तो खरजवुं छे. आ लगाडजो, बे दिवसमां मटी जशे." (ताई, हे तर इसब आहे. हे लावा, दोन दिवसांत जाईल.) ट्यूब ९० रुपयांची. बुरशीचं, जंतूंचं आणि खाजेचं औषध एकातच. खरंच दोन दिवसांत गाल स्वच्छ झाले. आठवडाभर लावलं, थांबवलं, आणि पुढच्या तीन दिवसांत गाल पूर्वीपेक्षा लाल होऊन पाझरायला लागले. त्यात क्लोबेटासोल होतं, सगळ्यात तीव्र गटातलं स्टिरॉइड. दहा महिन्यांच्या बाळाच्या चेहऱ्यावर ते लावायचंच नसतं. ट्यूबवर लाल रेघ होती, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असं औषध. ज्या स्टिरॉइडला मी घाबरायला हवं होतं ते मी बिनधास्त चोळलं आणि ज्याला घाबरायचं कारण नव्हतं ते दाण्यादाण्याने लावलं. माझ्यासाठी या सगळ्यातली सर्वात टोचणारी गोष्ट हीच आहे. घरात अशी तीन-औषधं-एकत्र ट्यूब असेल तर मुलाला लावण्याआधी त्यावरची नावं वाचा आणि डॉक्टरांना दाखवा.

त्याच सुमारास तिला पहिल्यांदा उकडलेलं अंडं भरवलं, अर्धा चमचा. दहा मिनिटांत तोंडाभोवती आणि मानेवर गांधी उठल्या. तासाभरात बसल्या, श्वासाला काही झालं नाही. (ओठ सुजले, उलट्या झाल्या, श्वास घरघरला किंवा मूल एकदम मलूल पडलं तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा, हे आता पाठ आहे.) पण त्या गांधींनी आमच्या डोक्यात एक गोष्ट पक्की केली: कुठलातरी पदार्थच हे सगळं करतो आहे, तो सापडला की सुटका.

मग शोध सुरू झाला. आधी दूध बंद. फरक वाटला, बहुतेक ऋतू बदलला म्हणून. मग गहू. तुरीची डाळ. टोमॅटो. शेंगदाणे. जूनमध्ये स्वतःच जाऊन रक्ताची तपासणी करून आणली, ४,८०० रुपये. कागदावर लांबलचक यादी आणि नऊ पदार्थांसमोर आकडे ठळक छापलेले. आम्ही ते नऊच्या नऊ बंद केले. तेरा महिन्यांची मुलगी मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, केळं आणि सफरचंद यांच्यावर राहिली. चट्टे होते तिथेच होते.

आम्हाला थांबवलं ते ममता दिवसाला (गुजरातेतला बाळांच्या लसी आणि वजनाचा दिवस) आलेल्या आरोग्य कार्यकर्तीने. तिने मनूला काट्याच्या झोळीत बसवलं, ममता कार्डावर नवा ठिपका दिला आणि आधीचे ठिपके पेनाने जोडले. फेब्रुवारीत ८ किलो १००, ऑगस्टमध्ये ८ किलो ३००. कार्डावरची छापील रेघ वर चढत होती आणि मनूची आडवी पडली होती. "बेन, आने शुं खवडावो छो?" मी यादी सांगितली. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "मोटा डॉक्टरने बतावो. आजे ज." ते कार्ड मी अजून जपून ठेवलंय.

मुलांच्या त्वचारोगांच्या डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली: २४ ऑगस्ट २०२३, फी ८०० रुपये. जाताना सगळ्या चिठ्ठ्या, रक्ताचा रिपोर्ट, ममता कार्ड, वापरलेल्या सगळ्या ट्यूबा आणि खाज वाढलेल्या दिवसांचे मोबाइलवरचे फोटो घेऊन गेले. हे कराच. तपासणीच्या दिवशी कातडी नेमकी बरी दिसते आणि आपण तोंडी काही नीट सांगू शकत नाही.

मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला. पहिली ट्यूब उचलली, अजून तळाशी थोडं मलम होतं. "ही किती दिवस चालली?"

"चार महिने."

त्या रागावल्या नाहीत. माझा हात पुढे घेऊन त्यांनी माझ्याच तर्जनीवर मलम पिळलं, टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक सरळ पट्टी. "हे अर्धा ग्रॅम. तुमचे दोन तळहात बोटांसकट मनूच्या अंगावर ठेवले तर जेवढी जागा झाकते, तेवढ्याला ही एक पट्टी." मग माझे तळहात तिच्या पोटऱ्यांवर ठेवून दाखवले. तिच्या दोन पोटऱ्याच त्यात संपल्या. मी एका दाण्यात सहा जागा करत होते. "आग मोठी आणि पाणी चमचाभर. विझत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा लावत राहता. नीट लावलं असतंत तर एकूण औषध कमीच लागलं असतं."

मग आंघोळ. कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटं, साबणाऐवजी साबणविरहित क्लीन्झर आणि तोही मळलेल्या भागापुरताच. पंचाने टिपायचं, घासायचं नाही. आणि अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर. केसांच्या दिशेने, वरून खाली. डब्यात बोट घालायचं नाही, स्वच्छ चमच्याने काढायचं, नाहीतर डब्यात जंतू जातात. आणि "भरपूर" म्हणजे किती, ते शेवटी कळलं: तिच्या वयाला आठवड्याला २०० ते २५० ग्रॅम. मी महिन्याला ५० ग्रॅम वापरत होते.

खर्चाचं मी तिथेच विचारलं. महागड्या ट्यूबा या हिशेबाने महिन्याला चार हजारांच्या वर गेल्या असत्या. मॅडम म्हणाल्या, "जे परवडेल आणि जे तुम्ही हात आखडता न घेता लावाल ते चांगलं. वास नको, एवढंच." दिवसा साधं बिनवासाचं क्रीम, रात्री पांढरी पेट्रोलियम जेली असं ठरलं. महिन्याचा खर्च ११०० च्या आसपास. मी डब्यावर तारीख लिहायला लागले. डबा वेळेत संपला नाही तर चूक आपली, हे लगेच कळतं.

हातापायांना मोमेटासोन, हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा तीव्र स्टिरॉइड, दिवसातून एकदा, चेहऱ्याला तेच जुनं हायड्रोकॉर्टिसोन. थांबायचं कधी? लाली गेल्यावर नव्हे. डोळे मिटून बोट फिरवलं आणि खरखर लागली नाही, की मग. त्यानंतरही नेहमीच्या जागांवर आठवड्यातून दोन दिवस, काही महिने. आम्ही बुधवार आणि रविवार धरले.

अकराव्या रात्री मी दचकून जागी झाले, कारण आवाज नव्हता. मोबाइल पाहिला, पहाटेचे साडेचार. मनू हात पसरून झोपली होती.

खाण्याचा प्रश्न राहिला होताच. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे १४ सप्टेंबरला त्वचेवरची चाचणी केली, ३,५०० रुपये. त्याआधी सात दिवस खाजेचं सिरप बंद ठेवावं लागतं, नाहीतर चाचणी काही दाखवत नाही. एका ओळखीच्यांना केवळ यामुळे परत पाठवलं होतं. पाठीवर थेंब, प्रत्येकावर बारीक टोचणी. एक थेंब हिस्टामिनचा, जो उठायलाच हवा, आणि एक नुसत्या मिठाच्या पाण्याचा, जो उठता कामा नये. पंधरा मिनिटं मनूला मांडीवर पालथं धरून ठेवायचं. आम्ही तिला कमाटीबागेतल्या छोट्या रेल्वेचा व्हिडिओ दाखवला. मग पट्टीने गांधी मोजल्या. अंडं उठलं. धुळीतला किडा, डस्ट माइट, उठला. दूध, गहू, तूर, शेंगदाणे, काहीही नाही.

रक्तात आकडा दिसला म्हणजे शरीराला त्या पदार्थाची ओळख झाली आहे एवढंच, खाल्ल्यावर त्रास होतोच असं नाही. हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. त्रास होतो की नाही हे आधी खाण्याच्या अनुभवावरून ठरतं, चाचणी त्याला जोड म्हणून. अशी मोठी यादी घेऊन स्वतःच तपासणी करायला जाऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. आमच्या त्या ४,८०० रुपयांची किंमत मनूच्या वजनाने मोजली.

एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. बरेच महिने बंद ठेवलेलं दूध घरी परस्पर सुरू करू दिलं नाही. इसब असलेल्या मुलांचा एखादा पदार्थ दीर्घकाळ तोडला, तर तो परत देताना पूर्वी नव्हती अशी तीव्र ॲलर्जी दिसू शकते. म्हणून २१ सप्टेंबरला दवाखान्यातच दिलं. आधी ओठाला थेंब, मग चमचा, मग दोन, दर वीस मिनिटांनी वाढवत अर्धी वाटी. पुढे दोन तास बसवून ठेवलं. काही झालं नाही. घरी गणपती बसलेले होते. संध्याकाळी आईंनी नैवेद्याची खीर केली आणि पहिली वाटी मनूला दिली. तिने वाटी तोंडाला लावली ती रिकामी झाल्यावरच खाली ठेवली. त्यानंतर दर चार दिवसांनी एक पदार्थ परत आणला. डिसेंबरात वजन ९ किलो ४०० झालं.

धुळीच्या किड्यासाठी कापसाची जुनी गादी काढली, चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्याला एकदा कडक गरम पाण्यात, साठ अंशांच्या आसपास. कापडी अस्वल पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये आणि मग धुवायचं. याने किती फरक पडला हे मला खात्रीने सांगता येणार नाही. क्रीमने पडला तेवढा नक्कीच नाही.

याच काळात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस होता. अंड्याची ॲलर्जी म्हणून द्यावा की नाही या भीतीने मी तारीख पुढे ढकलायला निघाले होते. डॉक्टरांनी साफ सांगितलं, ही लस अंड्याच्या ॲलर्जीतही देतात. दिली, काही झालं नाही.

कागदपत्रांचंही सांगते. नवऱ्याच्या ऑफिसच्या विम्यात बाह्यरुग्ण खर्च बसत नव्हता, पण वर्षाला ठरावीक औषधखर्च परत मिळायचा. पहिला अर्ज परत आला, कारण रक्ताच्या रिपोर्टवर "बेबी ऑफ" आणि माझं नाव होतं, आणि जन्मदाखल्यावर मनूचं नावच चढवलेलं नव्हतं. बारशाला नाव ठेवलं, महापालिकेत नोंदवायचं राहूनच गेलं. वर्षाच्या आत नाव विनाशुल्क चढतं, नंतर उशिराचं शुल्क भरून. दोन खेपा झाल्या. नव्या आईबापांनो, हे आधी उरकून घ्या आणि प्रत्येक बिलावर मुलाचं नाव दाखल्यासारखंच लिहून घ्या. दुसऱ्या अर्जाला ६,२०० रुपये मिळाले.

नवरात्रात घागरा-चोळीच्या आरशांनी आणि जरीने पाठ सोलवटली, म्हणून आतून सुती बनियन घालायला लागलो. दिवाळीला आणखी एक काळजी. पेट्रोलियम जेली आणि पॅराफिनची क्रीमं कपड्यांत मुरतात, धुऊनही पूर्ण निघत नाहीत, आणि असा कपडा ठिणगीने चटकन पेटतो. पणत्या आम्ही तेव्हापासून उंच कट्ट्यावर लावतो आणि त्या दिवशी मनूला न वापरलेला सुती कपडा.

सगळं सरळ झालं असं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सर्दीतापानंतर कोपराच्या खळग्यात मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या. दुसऱ्याच दिवशी गेलो. जंतूंचा संसर्ग होता, सात दिवस अँटिबायोटिक. संसर्ग आटोक्यात आल्यावर तीन रात्री मॅडमच्या सांगण्यावरून ओले कपडे बांधले: औषध आणि क्रीम लावून कोमट पाण्यात पिळलेलं सुती झबलं, त्यावर कोरडं. पहिल्या रात्री मनूपेक्षा मीच जास्त रडले, तिसऱ्या रात्री ती तशीच झोपून गेली. मॅडमनी तेव्हा बजावलं होतं की ताप आणि एकसारखे, मधे खड्डा पडलेले दुखरे फोड दिसले तर तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो, त्याच दिवशी यायचं, उद्यावर टाकायचं नाही.

जून २०२४ मध्ये प्लेग्रुप. मुख्याध्यापिकेने कोपराकडे पाहून विचारलं, "हे दुसऱ्या मुलांना लागेल का?" मला वाईट वाटलं, पण प्रश्न स्वाभाविक होता. संसर्गजन्य नाही असं पत्र मॅडमनी लेटरहेडवर, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह दिलं. मी त्याखाली चार ओळी जोडल्या: अंडं द्यायचं नाही, केकही नाही, हात धुतल्यावर दप्तरातलं क्रीम लावायचं, खाजवताना दिसली तर "खाजवू नको" म्हणायचं नाही, हातात काहीतरी द्यायचं. शेवटची ओळ तिथल्या ताईंनी सर्वात मनापासून पाळली.

हा हिवाळा मोमेटासोनच्या एका ट्यूबमध्ये निघाला. चेहऱ्यासाठी दोन वर्षं पूर्ण झाल्यावर टॅक्रोलिमस ०.०३ टक्के हे स्टिरॉइड नसलेलं मलम मिळालं, लावल्यावर पहिले काही दिवस चुरचुरतं, मग नाही. खाज पूर्ण गेलेली नाही. वाऱ्याची दिशा बदलली की कोपरांना सगळ्यात आधी कळतं.

६ फेब्रुवारीला, परवाच, दवाखान्यात अंडं घातलेल्या केकची परीक्षा झाली. ओव्हनमध्ये पूर्ण भाजलेलं अंडं बऱ्याच मुलांना आधी सोसायला लागतं, म्हणून सुरुवात तिथून. केक मीच घरून करून नेला होता, किती पिठात किती अंडी हे त्यांनी लिहून दिलं होतं. सकाळी नऊ ते दीड. वाटाण्याएवढ्या तुकड्यापासून अख्ख्या कापापर्यंत. मी सारखी तिच्या ओठांकडे बघत होते, ती खिडकीतल्या पारव्याकडे. गांधी उठल्या नाहीत. येताना रिक्षात ती माझ्या मांडीवर झोपली, दोन्ही हात उघडे. आता आठवड्यातून तीनदा केकचा एक काप द्यायचा आहे, आणि उकडलेल्या अंड्यासाठी ऑगस्टची तारीख मिळाली आहे.